बोक्याच्या डोळ्यांचा बगळा

मित्रांनो, मी एक जुना बगळा आहे. म्हातारा नव्हे, जुना. म्हातारं व्हायला जिवंत असावं लागतं. माझ्या पोटात भुसा आहे, मानेत तार आहे, पायांतून खिळे गेले आहेत आणि खाली फळी आहे. चोच तेवढी माझी स्वतःची. पिसंही माझीच, पण त्यांच्याबद्दल ऐकल्यावर तुम्ही बाकावर जरा मागे सरकाल. सरका. मला वाईट वाटणार नाही.

छत्री, फाटकं पुस्तक, गंजलेली सायकल अशी मंडळी आपली कहाणी सांगतात, तेव्हा शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मला फार जपलं गेलं, म्हणून तर हे सगळं झालं.

तळ्याकाठचं माझं बालपण मला आठवत नाही. ज्या मेंदूत ते होतं तो काढून तिथे कापूस भरला आहे. माझ्या आठवणी कापसापासून सुरू होतात. एका अरुंद गल्लीत खाली दुकान आणि वर घर असलेला एक पेंढा भरणारा होता. मेलेले पक्षी आणि प्राणी सोलायचे, आत भुसा भरायचा, शिवायचे आणि जिवंत वाटतील असे उभे करायचे, हा त्याचा धंदा. कातड्याला कीड लागू नये म्हणून तो आतून एक पांढरा लेप चोळायचा. त्या लेपात सोमल होता. सोमल म्हणजे विष. उंदीर मारायला ते वापरत, आणि जुन्या गोष्टींत राजे मारायला. माझ्या बाबतीत ते मी टिकावं म्हणून वापरलं गेलं. मी टिकलो.

तो शीळ घालत काम करायचा. त्याचे तळहात झाडाच्या सालीसारखे झाले होते. वरून बायको हाक मारायची, "जेवायला या, आणि हात धुऊन या."

"धुतलेत," तो म्हणायचा आणि विजारीला पुसायचा.

डोळे बसवायची वेळ आली तेव्हा काचेच्या डोळ्यांच्या डब्यात पक्ष्यांचे डोळे संपले होते. मांजरांचे शिल्लक होते. त्याने तेच बसवले. रंग तोच पिवळा, फक्त बाहुली उभी, चिरेसारखी.

"अहो, बगळ्याला बोक्याचे डोळे?" बायको म्हणाली.

"लांबून कुणाला कळतंय."

पण मी ज्या जागी चाललो होतो तिथे सगळे मला नाकाजवळ घेऊन बघणार होते. मला पोचवायला तो आला नाही, त्याची बायको आली. "त्यांना अंथरुणातून उठवत नाही," ती दारात म्हणाली, पावती घेतली आणि गेली.

ती जागा म्हणजे चित्रकला आणि नक्षीकाम शिकवणाऱ्या महाविद्यालयातली नमुना खोली. उंच खिडक्या, भिंतभर कपाटं आणि मध्ये एक लांब टेबल. कपाटांत शंख, सापाची कात, मधमाश्यांचं रिकामं पोळं, वाळलेल्या शेंगा, एक शेळीची कवटी आणि आम्ही काही पक्षी. शेळीची कवटी सगळ्यांची लाडकी होती, कारण ती हसायची. कोपऱ्यात भिंगं, एक तराजू आणि विज्ञानवाल्यांनी टाकून दिलेला पितळी सूक्ष्मदर्शक. कापडावर नक्षी छापायची असो की खुर्चीचा पाय घडवायचा असो, आधी निसर्ग बघा, मग हात चालवा, अशी तिथली रीत होती.

त्या खोलीची सूत्रं बाईंकडे होती. तरुण शिक्षिका म्हणून त्या आल्या, आणि आल्या आल्या कात्री घेऊन सगळ्या नमुन्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या कापून टाकल्या. माझ्या पायाचीही कापली.

"नाव कळलं की बघणं थांबतं," त्या मुलांना म्हणायच्या. "बगळा म्हटलं की तुम्ही डोक्यातला बगळा काढता. समोरचा तसाच उभा राहतो बिचारा."

मी काही फार बिचारा नव्हतो, पण मुद्दा बरोबर होता.

त्यांचा नियम ठरलेला. आधी हात, मग डोळा, मग पेन्सिल, आणि नाव सगळ्यांत शेवटी. नवीन मुलं आली की बाई त्यांना डोळे मिटायला लावायच्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला सांगायच्या. पिसं कुठून कुठे वळतात, मान कुठे जाड होते, हाड कुठे लागतं.

"बाई, हा बगळा आहे ना?" एखादा चाचपडत विचारायचा.

"तुला काय वाटतंय हाताला?"

"बगळा."

"मग तुला काहीच कळलं नाही. पुन्हा लाव हात."

डोळ्यांबाबत मात्र त्या कडक होत्या. "डोळे सोडून द्या. ते त्याचे नाहीत, कुणाचे तरी उसने आहेत. जे खोटं आहे ते काढायचं नाही." त्या स्वतः माझी चित्रं काढायच्या त्यांत डोळ्याची जागा कोरी असायची. त्या खोलीच्या भिंतींवर माझी कितीतरी चित्रं लागली, सगळीच्या सगळी आंधळी.

मुलं वर्ष-दोन वर्षं शिकून निघून जायची. बाई राहायच्या. मला झाडायचं, पिसं मऊ कुंचल्याने साफ करायची, शिवण तपासायची, ही कामं त्या शिपाईकाकांना देत नसत. "तुम्ही खुर्च्या पुसता तसा त्याला पुसाल," म्हणायच्या. मग टेबलाशी बसून रंगवायला घ्यायच्या आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. मुलांना त्या रागवायच्या, रंग तोंडात घालू नका म्हणून. स्वतःच्या ओठांना त्यांनी कधी रागावलं नाही.

मी हे सगळं बघत होतो. मला चोच आहे, पण ती डिंकाने चिकटवली आहे. जीभ मेणाची आहे. एवढ्या साहित्यावर माणसाला सावध करता येत नाही.

मध्यंतरी माझं फार कौतुक झालं. खोलीतल्या बाकी पक्ष्यांना कसर लागली. घुबडाची पिसं गळाली, बदकाला तर झुरळांनी आतून पोखरलं आणि ते एका वर्गात, सगळ्यांच्या देखत, बसलं. मी जसाच्या तसा. एकदा एक उंदीर माझ्या पोटातल्या भुश्यासाठी शिवण कुरतडून गेला आणि सकाळी कपाटाखाली मेलेला सापडला. त्यावर प्राचार्यांनी शोध लावला की, माझे डोळे बोक्याचे असल्यामुळे उंदीर मला घाबरून मरतात. शिकलेली माणसं मान हलवून हो म्हणाली. उपाहारगृहाच्या मालकाने तर मला पिठाच्या पिंपावर उभं करायला मागितलं.

"तो शिक्षक आहे माझ्या खोलीतला," बाई म्हणाल्या. "राखणदार नाही."

त्या दिवशी बाईंनी किती माणसं वाचवली हे त्यांना कधी कळलं नाही.

बाईंना घरचं माणूस एकच, थोरला भाऊ. सरकारी प्रयोगशाळेत विष ओळखायचं काम त्याने जन्मभर केलं होतं. कुणी संशयास्पद मेलं की त्याच्या पोटातलं काढून याच्या टेबलावर यायचं. निवृत्त झाल्यावर तो रोज बहिणीला घ्यायला यायचा, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही.

"चिमणे, चल," तो बाहेरूनच म्हणायचा. केस पांढरे झालेल्या बाईंना चिमणी म्हणणारा जगात तो एकटाच होता.

"दादा, आत तरी ये. बघ मुलांनी काय काढलंय."

"नको. मेलेल्यांबरोबर मी भरपूर नोकरी केली. तुझे निदान उभे तरी आहेत."

मग बाईंच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. कुंचला हातातून सुटायचा. पायही बधिर झाले, त्या भिंतीला हात लावून चालायला लागल्या. तळहातांवर कडक दाणे उठले, अगदी त्या गल्लीतल्या शीळ घालणाऱ्या माणसासारखे. मी ते ओळखलं. माझ्या ओळखण्याचा कुणाला काय उपयोग.

"डॉक्टर काय म्हणाले, बाई?" मुलांनी विचारलं.

"पहिले म्हणाले वय झालं. दुसऱ्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसरे म्हणाले मनाला ताण आहे, एखादा छंद लावून घ्या, चित्रं काढा."

मुलं हसली. बाईही हसल्या. मग त्यांनी मला टेबलावर घेतलं आणि डॉक्टरांचं ऐकलं.

मोठ्या सुट्टीनंतर त्या आल्या की चेहरा उजळलेला असायचा, पाऊल सरळ पडायचं. कामाला लागल्या की पुन्हा तेच. "सुट्टीत बरं आणि कामावर आजारी," त्या म्हणायच्या. "याला आमच्या घरी कामचुकारपणा म्हणतात." भाऊ दारातून म्हणायचा, "म्हणतातच. सोड आता नोकरी." त्याला वाटायचं, ती थकली आहे. बाईंना वाटायचं, अजून एक वर्ष, एवढी मुलं तयार झाली की पुरे. हाताशिवाय आपलं काय उरेल, ही भीती त्या कुणाला बोलून दाखवत नसत. रिकाम्या खोलीत एकदा मला म्हणाल्या, "तुझ्या पाठीवरून हात फिरवते रे, पण हाताला कळतच नाही." आणि कळावं म्हणून जास्त वेळ फिरवत राहिल्या.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव शंका पडलं होतं, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'बाई, मला एक शंका आहे' इथून सुरू व्हायचं.

"बाई, मला एक शंका आहे. बाकीच्या पक्ष्यांना कसर लागली, मग यालाच कशी नाही?"

बाई नेहमी प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायच्या. त्या दिवशी सरळ दिलं. "कारण याची निगा मी राखते."

शंकाला ते पटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पंखाखालच्या शिवणीजवळचं एक बारीक पीस घेतलं आणि पितळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मी पांढरा, आणि माझ्यावरची भुकटीही पांढरी. इतकी वर्षं ती कुणाला दिसली नव्हती.

"बाई, इकडे या. चांदण्या आहेत इथे."

बाई भिंत धरत गेल्या, डोळा लावला, आणि बराच वेळ काढला नाही. पिसाच्या तंतूंवर चकचकीत खडे बसले होते. प्रत्येकाला आठ बाजू, जणू चार बाजूंचे दोन टोकदार मनोरे बुडाशी बूड लावून जोडलेत.

"हे मीठ आहे का?"

"मीठ चौकोनी असतं. हे निराळंच आहे."

"मग काय आहे?"

बाईंनी वर बघितलं. त्यांचा चेहरा इतका आनंदी मी शेवटचा तेव्हाच पाहिला. "काय आहे ते नंतर. आधी काढ."

शंकाने काढलं. आधी एक खडा, मग चार, मग त्यांची जाळी. निळ्यावर पांढरी, इतकी रेखीव की प्राचार्यांनी ती वर्षातली सर्वोत्तम नक्षी ठरवली. नाव विचारायचं दोघींकडून राहून गेलं. बाईंच्या वर्गात नाव नेहमी राहूनच जायचं.

आमच्याकडे अशी पद्धत होती की, सर्वोत्तम नक्षी वार्षिक प्रदर्शनात चहाच्या कपबश्यांवर छापायची, आणि नक्षी ज्यावरून सुचली तो नमुना शेजारी ठेवायचा. त्यामुळे प्रदर्शनाच्या दिवशी मी चहाच्या टेबलावर उभा होतो, एका बाजूला किटली आणि दुसऱ्या बाजूला बिस्किटं. पाहुणे सोमलाचे कप हातात धरून माझं कौतुक करत होते.

बाईंना तोवर एकटीने चालवत नव्हतं. भाऊ त्यांना हाताला धरून घेऊन आला. त्या दिवशी नाइलाजाने त्याला उंबरा ओलांडावा लागला. कुणीतरी त्याच्या हातात कप दिला. त्याने घोट घेतला, कप खाली करताना त्यावर नजर गेली, आणि त्याने तो हळूच टेबलावर ठेवला.

"ही नक्षी कुणाची?"

"आमच्या विद्यार्थिनीची," प्राचार्य खूश होऊन म्हणाले. "आवडली ना?"

"तिला बोलवा."

शंका पुढे आली. तिला वाटलं शाबासकी मिळणार.

"बाळ, हे मनाने काढलंस की बघून?"

"बघून, काका. सूक्ष्मदर्शकाखाली."

"कशावर होतं?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे हसतमुखाने माझ्याकडे वळले. मी नेहमीसारखाच दचकलेला दिसत होतो, पण त्यात डोळ्यांचा दोष.

"आकारावरून शपथ घेता येत नाही, तपासावं लागेल," भाऊ म्हणाला. आवाज कोरडा होता. "पण नोकरीभर मी हे खडे बघितलेत. हा सोमल आहे."

"नाही हो," प्राचार्य म्हणाले, "चहा आहे. साखर थोडी कमी पडली असेल."

"कपात नाही. कपावर आहे."

हे वाक्य ऐकून चार जणांनी कप ठेवले, एकाने उरलेला चहा घाईने संपवला आणि प्राचार्य चूळ भरायला गेले. भावाचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्याने बहिणीचा हात हातात घेतला होता आणि तळवा उलटा करून बघत होता. तळव्यावरचे दाणे. नखांवरच्या आडव्या पांढऱ्या रेषा. रोज संध्याकाळी तोच हात धरून तो तिला घरी नेत होता.

"चिमणे, याला तू हात लावतेस?"

"म्हणजे काय. रोज."

"आणि कुंचला तोंडात धरतेस."

"लहानपणापासून. तूच चिडवायचास ना."

तो खुर्चीवर बसला. "माझ्याकडे फक्त मेलेली माणसं यायची तपासायला," तो म्हणाला. "जिवंत माणसाकडे बघायची सवयच नाही गं मला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग शंकाची नक्षी असलेल्या कपाकडे. "म्हणजे बरोबर काढलंय पोरीने," त्या म्हणाल्या. "आठही बाजू."

तपासणीत भावाचं म्हणणं खरं निघालं. मग पांढरे झगे आणि तोंडावर फडकी बांधलेली माणसं आली. शिकून गेलेल्या मुलांना शोधून तपासायला बोलावलं. थोडा-थोडा हात लावलेली ती सगळी सुखरूप होती. खोलीतल्या सगळ्या नमुन्यांना नावाच्या चिठ्ठ्या पुन्हा लागल्या. माझं काय करायचं यावर बैठक झाली. जाळावं तर धूर विषारी, पुरावं तर माती विषारी, पाण्यात सोडायचं तर नावच नको. कुठेच टाकता येत नाही म्हणून मला बंद काचेच्या कपाटात बसवलं. ज्याचं काहीच करता येत नाही त्याला मानाची जागा मिळते, हे मला तेव्हा कळलं. कपाटावर एक पाटी लावली. इतक्या वर्षांनी मला नाव मिळालं. नाव 'धोका'.

बाईंवर उपचार झाले. भुकटीपासून सुटल्यावर तळवे जरा मऊ पडले म्हणे, पण बोटं परत आली नाहीत. विष फार वर्षं मुरलं होतं. नोकरी सुटली, कुंचला तर सुटलाच. शंका शिकून तिथेच शिकवायला लागली. तिच्या वर्गात हाताआधी नाव येतं, नंतर हातमोजे, मग डोळा. मुलं कुरकुर करतात. ती म्हणते, "करा कुरकुर. पण मोजे घालून करा."

एका सकाळी भाऊ बाईंना घेऊन आला. बाईंच्या अंगाची नुसती काडी झाली होती. शंकाने काचेसमोर खुर्ची ठेवली, पण बाई बसल्या नाहीत. भावाचा दंड धरून उभ्या राहिल्या आणि मला बघत राहिल्या. मला वाटलं, आता रागाने काहीतरी बोलतील. मी तयार होतो. मी नेहमीच तयार असतो, मला खिळे मारलेले आहेत.

"चल चिमणे," थोड्या वेळाने भाऊ म्हणाला. "झालं असेल बघून तर."

"थांब रे दादा. बघून कधी होतं का."

मग त्या काचेच्या अगदी जवळ आल्या. त्यांच्या श्वासाने काचेवर धुकं धरलं. त्या धुक्यात त्यांनी बोट टेकवलं. बोटाला काही कळत नव्हतं, ते मला त्याच्या चालीवरून दिसत होतं. त्यांनी ते नुसत्या नजरेने चालवलं. चोच, मान, मानेचा तो बाक, पाठ. सगळं थरथरलेलं. आणि शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, डोळा. उभ्या बाहुलीसकट, बोक्याचा.

"बाई," शंका म्हणाली, "मला एक शंका आहे. तुम्ही डोळा कधी काढत नव्हतात."

"त्याचे नाहीत म्हणून नव्हते काढत," बाई म्हणाल्या. "पण त्या डोळ्यांनीच तर सगळं पाहिलंय."

धुकं विरलं, चित्र गेलं. बाई पुन्हा आल्या नाहीत. एके दिवशी भाऊ एकटाच आला, कुंचल्यांचं बोचकं शंकाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "चिमणी गेली." मग जाताना उंबऱ्यावर अडखळला. आत-बाहेर करायची त्याला अजून सवय झाली नव्हती.

मित्रांनो, ही माझी गोष्ट. मला जपा असं मी म्हणत नाही. मी काचेत आहे, मला काही होत नाही, माझा तो दोषच आहे. मन लावून बघा, पण बघता बघता हे काय आहे तेही विचारा. आणि जे तुम्हाला रोज हाताला धरून घरी नेतात, त्यांच्या हाताकडेही कधी बघा.

माझं मागणं एकच आहे, आणि ते साफसफाई करणाऱ्यांसाठी आहे. हिवाळ्यात एखादं मूल माझ्या कपाटाला नाक लावून उभं राहतं, त्याचा श्वास काचेवर पसरतो, आणि त्या धुक्यात एक थरथरलेला बगळा पुन्हा उमटतो, डोळ्यासकट. बोटाचा थोडासा तेलकटपणा काचेवर राहून गेला आहे. तेवढा राहू द्या. माझ्यावरची धूळ आत आहे, तिला तुम्ही हात लावणारच नाही. काच बाहेरून पुसू नका.